तिघी हसल्या की काय होतं?

एका प्रयोगात लोकांना एवढंच ऐकवलं: दोन माणसं एकदम हसतायत, जेमतेम एक सेकंद. शब्द नाहीत, चेहरे नाहीत, कशावरून हसतायत याचा पत्ता नाही. मग विचारलं, ही दोघं मित्र आहेत की आत्ताच भेटलेले अनोळखी? ग्रेग ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग जगातल्या २४ वेगवेगळ्या समाजांत, ९६६ माणसांवर केला आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. हसणारी सगळी अमेरिकेतली कॉलेजची मुलंमुली. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांचा त्या भाषेशी काडीचा संबंध नव्हता. डोळे मिटून ठोकून दिलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती. प्रत्यक्षात आली ६१ टक्के. आकडा लहान वाटेल, पण हाताशी काय होतं ते बघा: परक्या मुलखातल्या माणसांच्या हसण्याचा एक तुकडा, चुटकी वाजवायला लागतो तेवढ्या वेळाचा.

आणि सगळ्यांत अचूक ओळखलं गेलं ते कुणाचं हसणं? दोन मैत्रिणींचं.

जिवलग माणसांबरोबर हसताना आवाजावरचा ताबा सुटतो. हसण्याचे ठोके भराभर पडतात, सूर वेडावाकडा वरखाली होतो, मध्येच मोठा होतो, मध्येच श्वासात अडकतो. अनोळखी माणसांसमोर आपण हसतो ते नीट, आवरून. हा फरक कान आपोआप टिपतो. घरात आतल्या खोलीत मुली फिदीफिदी हसायला लागल्या की बाहेर बसलेल्या आजीला न बघताच कळतं, आज कोण आलंय ते. तेच हे.

डोकमर्डीला, दादरा-नगर हवेलीतल्या सिल्व्हासाच्या एका वस्तीत, मी शेअर रिक्षात कोपऱ्यात बसले होते. सरकारी कॉलेज इथेच, त्यामुळे रिक्षात तीन मुली पाठीवर बॅगा घेऊन आणि मी. एक खानवेलच्या बाजूची, घरी कोकणा बोलणारी. दुसरीचे वडील धाग्याच्या कारखान्यात, मूळ खानदेशातले. तिसरी गुजराती. पहिली सांगत होती, कुणाच्या तरी लग्नात पंगतीला एक बाई शेजारी बसल्या.

"म्हणाल्या, तू नेमकी कोण गं? मी म्हटलं, नवरीकडची. म्हणाल्या, तसं नव्हे, तुमच्यात कुठली भाषा बोलतात? मी म्हटलं, आमच्यात जेवताना बोलत नाहीत, मावशी."

"पछी? पछी शुं थयुं?" तिसरीने विचारलं.

"काय होणार? मठ्ठा मागितला त्यांनी."

यावर तिघी अशा हसल्या की रिक्षावाल्याने आरशात बघितलं. मलाही हसू आवरेना, आणि मला तर ते लग्न कुणाचं हेही ठाऊक नव्हतं. कागदावर उतरवलं की त्यात फारसं काही उरत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी संशोधकाने बाजारात, कॉलेजच्या आवारात उभं राहून लोक हसतात त्याआधी कुणी काय बोललेलं असतं याच्या सुमारे १२०० नोंदी केल्या. त्यातल्या पाचांपैकी चार वेळा तरी आधी विनोद म्हणावा असं काहीही नव्हतं. "बरं, भेटू मग" असल्या वाक्यांवरही लोक हसतात. माणसं बहुतेक वेळा विनोदाला हसत नाहीत, एकमेकांबरोबर हसतात.

आता टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहिणाऱ्याची पंचाईत लक्षात घ्या. विनोद लिहिता येतो. पण तो एक सेकंद, ज्यावरून परदेशातला माणूसही ओळखेल की या मैत्रिणी आहेत, तो लिहून कसा काढायचा?

मराठीत हा सेकंद एक वर्षभर, सोमवार ते शनिवार, घराघरात ऐकू येत होता. ९ मार्च २०१५ ला झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' सुरू झाली. विनोद लव्हेकर दिग्दर्शक, संजय जाधव यांची निर्मितीसंस्था. मुंबईतला एक फ्लॅट, त्याचं नाव 'माजघर', आणि त्यात राहणारी सहा जणं: तीन मुलगे, तीन मुली. मुली म्हणजे रेश्मा (सखी गोखले), मीनल (स्वानंदी टिकेकर) आणि ॲना (पूजा ठोंबरे). अमेरिकेतल्या 'फ्रेंड्स'शी तुलना लगेच झाली आणि ती चुकीचीही नव्हती, तिथेही तीन अधिक तीनच. पण एक हिशेब कुणी फारसा मांडत नाही. 'फ्रेंड्स'चे दहा वर्षांत २३६ भाग झाले. आठवड्याला सहा भाग या दराने आपली मालिका २० फेब्रुवारी २०१६ ला संपली तेव्हा वर्षाच्या आतच तीनशेच्या घरात पोचली होती. रोज उठून विनोद. तिकडे एकेका भागावर लेखकांची फौज आठवडाभर बसते. इकडे उद्याचं चित्रीकरण आणि आज रात्री संवाद. त्या घाईत काही भाग पोकळ गेले, गाडी रडारडीकडे वळली, हे मान्य. नवल याचं की इतके भाग चांगले झाले.

ते झाले त्याचं एक कारण मला त्या तीन या आकड्यात दिसतं. दझकाश आणि रॉबिन डनबार या दोन संशोधकांनी २०१२ साली एक मजेशीर निरीक्षण छापलं: बारमध्ये वगैरे निवांत बसलेल्या टोळक्यात गप्पांचा एक फड साधारण चार जणांपर्यंत टिकतो, पण खळखळून एकत्र हसणारी माणसं एका वेळी तीनच्या आसपास असतात. टोळकं मोठं असलं तरी हसू छोट्या गटांत फुटतं. माजघरात सहा जण होते, पण स्वयंपाकघरात किंवा खाटेवर पाय वर घेऊन बसलेल्या या तिघीच असल्या की दृश्याचा पोत बदलायचा. मुलगे आले की विनोद 'सांगितला' जायचा. तिघी असल्या की तो सांगावा लागायचा नाही.

तिघी एकमेकींपासून किती लांबच्या होत्या बघा. रेश्मा लग्न करून मुंबईत आलेली, आणि नवऱ्याचं मन दुसरीकडे असल्याचं इथे येऊन कळलेलं. मीनल फटकळ, मनातलं ओठांवर यायला वेळ न लागणारी. ॲना मॅथ्यूज आडनावापासूनच निराळी. विनोदी मालिकेचं यंत्र अशा अंतरावरच चालतं. तिघींना एकच प्रश्न टाका, समजा दारात घरमालक उभा आहे, आणि तीन वेगळी उत्तरं येतात. त्या तीन उत्तरांमधल्या फटीत विनोद असतो आणि तिथेच प्रत्येकीची ओळखही पक्की होत जाते. 'मी कोण' हे रेश्मा कुणाला भाषण देऊन सांगत नाही. मीनल जे सहज करते ते आपल्याला का जमत नाही, यावर ती अडखळते आणि आपल्याला ती कळते. मग हळूहळू जमायला लागतं. संसार मोडलेली मुलगी पोळ्या लाटत मैत्रिणींबरोबर हसतेय, हे दृश्य ज्या वाहिनीवर दिसलं तिथेच आगेमागे सासवासुनांची कारस्थानं चालू असायची. त्या शेजारामुळे ते आणखी धीट वाटायचं.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. सखी गोखलेची आई शुभांगी गोखले. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत 'अल्फा मराठी'वर जी मालिका अख्ख्या घराने एकत्र बसून बघितली, ती केदार शिंदे यांची 'श्रीयुत गंगाधर टिपरे', तिच्यातली श्यामला म्हणजे त्या. दिलीप प्रभावळकरांचे आबा, राजन भिसेंचा शेखर, शलाका आणि शिऱ्या ही मुलं. शलाकेची भूमिका करणाऱ्या मुलीचं नाव रेश्मा नाईक. आता यात अर्थ शोधू नका, पण गंमत आहे. टिपऱ्यांच्या घरातली तरुण मुलगी ही मुलगी, नात, बहीण होती. तिच्या मैत्रिणी दारातून यायच्या, "काकू, शलाका आहे?" विचारायच्या आणि गोष्ट पुन्हा घरच्यांकडे वळायची. हसणं फार निर्मळ, पण ते कुटुंबाचं. दहा-बारा वर्षांनी त्याच आईची मुलगी अशा घरात उभी आहे जिथे आई नाही, आबा नाहीत, "उशीर का झाला" विचारणारं कुणी नाही. मराठी विनोदी मालिकेत तरुण मुलीने केलेला हा सगळ्यात मोठा प्रवास, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकाच कुटुंबातल्या दोन बायका.

तरी माजघराला पूर्ण गुण मी देणार नाही. ॲलिसन बेक्डेल यांनी १९८५ साली एका व्यंगचित्रात एक साधी चाळणी सांगितली होती: कथेत किमान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि ते बोलणं पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी असावं. नियम पोरकट वाटतो. लावून बघा, भले भले सिनेमे गळून पडतात. माजघरातल्या तिघी चाळणीतून पार होतात, पण रेश्माचा नवरा, कुणाचं कुणावर प्रेम, याच वाटेने गोष्ट पुन्हा पुन्हा जाते. दुसरी खोट जागेची. ही माणसं मुंबईत राहतात हे कळतं, पण फ्लॅटच्या बाहेरची मुंबई त्यांच्या हसण्यात फारशी येत नाही. तोच फ्लॅट ठाण्यात किंवा पुण्यात नेला असता तरी बरेचसे विनोद तसेच चालले असते.

खरं म्हणजे पोरींनी घोळक्याने हसण्याची, त्यातही घरच्या मोठ्यांवर हसण्याची आपली परंपरा टीव्हीपेक्षा कितीतरी जुनी. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून सासरची यथेच्छ टिंगल चालते. मंगळागौरीच्या जागरणात नव्या नवऱ्या रात्रभर नाचतात आणि सासू-सुनेची, सवतीसवतीची भांडणं नकला करून रंगवतात. जिची नक्कल केली ती सासू पलीकडे बसून हसत असते. हे उंबऱ्याच्या आतलं, ठराविक घरांतलं झालं. शेतकरी, कष्टकरी बायकांचं मन जात्यावर मोकळं व्हायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात सासर-माहेर आहे, देव आहे, राग आहे, आणि मैत्रिणीही आहेत. थोडक्यात, मुलींची विनोदी मालिका लिहायला बसलेल्या मराठी लेखकाला परदेशात बघायची गरज नव्हती.

तरी एक परदेशी मालिका मात्र बघाच. उत्तर आयर्लंडमधलं डेरी हे सीमेवरचं शहर. त्याला दोन नावं. कॅथलिक डेरी म्हणणार, ब्रिटनशी निष्ठा सांगणारे लंडनडेरी म्हणणार, आणि नुसतं नाव घेतलं तरी बोलणाऱ्याचा पक्ष कळणार. लिसा मॅक्गी याच शहरात वाढल्या. त्यांनी १९९०च्या दशकातल्या शाळकरी मुलींवर 'डेरी गर्ल्स' लिहिली. २०१८ ते २०२२, तीन हंगाम मिळून अवघे १९ भाग. आपल्याकडे तेवढे तीनेक आठवड्यांत संपले असते.

पहिल्याच भागात पुलावर बॉम्ब आहे. बातमी टीव्हीवर चालू आणि घरात आईला चिंता कसली, तर पूल बंद म्हणून पोरं आज शाळेला जाणार नाहीत आणि दिवसभर डोक्याशी कटकट करणार. मालिकेचा सगळा कावा या एका दृश्यात आहे. इतिहास खिडकीबाहेर सैनिकांच्या गाड्यांतून जातो. आत एरिन, ओर्ला, क्लेअर, मिशेल आणि त्यांच्यात येऊन पडलेला बिचारा इंग्रज जेम्स परीक्षा, सहल आणि पैसे यांच्या विवंचनेत. या मुली शूर नाहीत, आदर्श तर नाहीतच. खोटं बोलतात, घाबरतात, एकमेकींना अडकवून पळतात. पडद्यावर मुलग्यांना हा मूर्खपणाचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलाय, मुलींना क्वचित. (क्लेअर झालेली निकोला कॉफलन मालिका सुरू झाली तेव्हा तिशी ओलांडलेली होती. गणवेशात कुणाला संशयही येत नाही.)

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलांना समेटासाठी एका शिबिरात आणतात. पाद्री फळ्यावर दोन रकाने आखतो, साम्य आणि फरक, आणि मुलांना म्हणतो, सांगा. फरकांचा रकाना बघता बघता भरतो, अगदी पाव भाजायचं यंत्र कपाटात कोण ठेवतं इथपर्यंत. साम्याच्या रकान्यात लिहायला काही सुचत नाही. शेकडो वर्षांच्या वैराचं इतकं नेमकं विडंबन की तो फळा पुढे बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये ठेवला गेला. विनोदी मालिकेतलं सामान राष्ट्रीय संग्रहालयात! शेवटचा भाग १९९८च्या शांतता करारावरच्या मतदानावर येऊन संपतो आणि तोवर या पाच टवाळांच्या नजरेतून आपल्याला ते शहर गल्लीबोळांसकट कळलेलं असतं.

मालिका जितकी एका गावाची, तितकी ती लांब जाते, हे 'डेरी गर्ल्स'ने दाखवलं. मग डोकमर्डीकडे त्या नजरेने बघा. दादरा आणि नगर हवेली हा मुलूखच मुळी विनोदी लेखकाने रचल्यासारखा आहे. दादरा हा तुकडा वेगळा, मध्ये गुजरात. नगर हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं गुजरातचं गाव. पोर्तुगीजांकडून हा प्रदेश १९५४ साली सुटला, २ ऑगस्टला सिल्व्हासा हाती आलं, आणि सोडवायला गेलेल्यांत सुधीर फडके होते. भावगीतं गाणारा माणूस बंदुकीच्या मोहिमेवर. मग सात वर्षं हा प्रदेश ना पोर्तुगालचा ना रीतसर भारताचा. १९६१ साली विलीनीकरणाच्या करारावर सही करायला 'देशाचा' प्रमुख हवा म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसासाठी पंतप्रधान केलं. हे कुणी संहितेत लिहून आणलं असतं तर वाहिनीवाल्यांनी "जरा अति होतंय" म्हणून कापलं असतं.

माणसांची सरमिसळही तशीच. वारली, कोकणा, धोडिया इथले मूळचे. वारल्यांची पारंपरिक लग्नं लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. त्यावर गुजराती, मराठी, आणि करसवलतींमुळे कारखाने आल्यापासून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार. या येण्याचा एक परिणाम २०११च्या जनगणनेत ठसठशीत दिसतो: दर हजार पुरुषांमागे बायका ७७४. कारण साधं, कामाला पुरुष एकटे येतात. पण कॉलेजातून घरी निघालेल्या मुलीसाठी त्याचा अर्थ असा की नाक्यावर, टपरीवर, रिक्षाच्या रांगेत सगळीकडे पुरुषच जास्त. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या २०११च्या पुस्तकात मुंबईबद्दल लिहिलंय की बाई घराबाहेर असली तर तिच्याकडे कारण लागतं: कामावर चाललेय, भाजी घ्यायचीय, मुलाला आणायचंय. उगाच उभं राहायचा हक्क पुरुषांचा. मग अशा नाक्यावर तीन मुली उगाच, मोठ्याने, पोट धरून हसतात तेव्हा त्या काहीतरी बळकावत असतात. डनबार यांच्याच २०११च्या प्रयोगांत विनोदी चित्रफिती बघून मनसोक्त हसलेल्या लोकांची वेदना सहन करायची ताकद वाढलेली आढळली. हसण्याने मेंदूत एंडॉर्फिन सुटतात, असं त्यांचं म्हणणं. नुसतं स्मित करणाऱ्याला तो लाभ नाही. रिक्षात तिघी हसल्या तेव्हा हेही चालू असणार.

मग अशी मालिका का नाही? लेखक मिळतील, मुलीही मिळतील. अडचण मोजणीत आहे. टीव्ही कोण बघतं हे मोजणारी 'बार्क' ही संस्था देशाचे बाजार पाडते. मराठी वाहिन्यांची साप्ताहिक क्रमवारी ज्या बाजारावरून निघते तो 'महाराष्ट्र/गोवा'. दादरा-नगर हवेली मात्र गुजरातच्या बाजारात जोडलेली. डोकमर्डीतल्या खानदेशी घरात रात्री झी मराठी लावलं, सगळे हसले, तरी ते हसणं मराठीच्या आकड्यात येत नाही. आणि गुजरातच्या बाजारात मराठी मालिकेला किती जण बसलेत याची फिकीर मराठी जाहिरातदाराने का करावी? जी मुलगी सकाळी कोकणा, दुपारी गुजराती, संध्याकाळी मराठी आणि फोनवर हिंदी बोलते, तिच्या नावाचा रकानाच त्या तक्त्यात नाही.

इंटरनेटवर हा तक्ता नसतो. 'भाडिपा'सारख्या मंडळींनी २०१६पासून यूट्यूबवर मराठी तरुणांचं रोजचं बोलणं कुणा वाहिनीची परवानगी न घेता लोकांपर्यंत नेलं. तिथे डोकमर्डीची मालिका उद्या सुरू होऊ शकते, आणि लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो भाषेचा: एवढ्या भाषा एकत्र, लोकांना कळणार कसं? सगळ्यांना शुद्ध मराठीत बोलायला लावायचा मोह होईल. त्या क्षणी मठ्ठा मागणाऱ्या मावशींची गंमत संपली, कारण ती गंमत उभीच आहे "तुमच्यात कुठली भाषा" या प्रश्नावर. डेरीच्या मुलींचं इंग्रजी अनेक इंग्रजांनाही धड कळत नव्हतं. त्यांनी सबटायटल लावून मालिका बघितली.